कार्डांचा गठ्ठा

आजचा विद्यार्थी संगणकासमोर बसून प्रोग्रॅम लिहितो, चूक झाली तर ती दुरुस्त करून लगेच पुन्हा चालवतो. १९६०-७० च्या दशकांत मात्र प्रोग्रॅमची एक ओळ म्हणजे जाड कागदाचे एक पंचकार्ड असे. पाचशे ओळी म्हणजे पाचशे कार्डांचा गठ्ठा!

ही युक्ती मूळची विणकामातली. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ मध्ये छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी मागावरची नक्षी ठरवली. छत्रपती संभाजीनगरात हिमरूचे जॅकार्ड माग ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पुढे हॉलेरिथने अशाच कार्डांवर १८९० ची अमेरिकी जनगणना मोजली.

संगणकाच्या कार्डावर ८० उभे रकाने आणि प्रत्येक रकान्यात छिद्रासाठी १२ जागा असत. अंकाला एक छिद्र, इंग्रजी अक्षराला दोन. सर्वांत वरच्या जागी एक छिद्र आणि जोडीला १ चे छिद्र म्हणजे 'ए', २ चे म्हणजे 'बी'. मग 'एफ' कसा लिहाल? चौकटीच्या कागदावर वर्गात हे सहज करून पाहता येते. फोरट्रान भाषेतले विधान ७ ते ७२ या रकान्यांतच बसवावे लागे. शेवटचे आठ रकाने भाषांतर करणारा प्रोग्रॅम विचारात घेत नसे, म्हणून तिथे कार्डांचे अनुक्रमांक घालत. गठ्ठा हातातून सांडला, तर तेच उपयोगी पडत. काही जण गठ्ठ्याच्या कडेवर तिरकी रेघ ओढत. एखादे कार्ड जागा चुकले की रेघ तुटलेली दिसे. इतकी स्वस्त आणि इतकी चोख तपासणी मला दुसरी ठाऊक नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसवला गेला. देशातल्या अनेक संस्थांचे संशोधक त्यावर आपली गणिते करून घेत. त्याची मुख्य स्मृती ४८ बिटांच्या ३२,७६८ शब्दांची, म्हणजे दोनशे किलोबाइटच्या आतच. मोबाइलवरचा एक फोटो याहून मोठा असतो.

त्या काळी बहुतेक संगणक केंद्रांत गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची, अशी रीत होती. एक स्वल्पविराम राहिला तरी सगळी फेरी वाया जाई. म्हणून गठ्ठा देण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन माणूस स्वतःच यंत्र होई आणि प्रत्येक पायरीला चलाची किंमत काय, याचा तक्ता भरी. यंत्राचा वेळ महाग होता, माणसाचा स्वस्त. त्या दिवसांच्या आठवणी गोड वाटतात खऱ्या, पण या वाट पाहण्यात संशोधन किती रखडले असेल!

पुढे पडदे आले आणि १९८० च्या दशकात कार्डे मागे पडली. पण पडद्यावरची ओळही बहुधा ८० अक्षरांचीच राहिली.