मोटारीतला गारवा आणि गळतीचा शोध

चैत्र सरत आला, की साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा या वाटेने सांगलीकडे जाणाऱ्या मोटारवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते : "मेस्त्री, एसी गार करत नाही. जरा गॅस भरा." मेस्त्री गॅस भरतो. पंधरा दिवस बरे जातात, आणि पुन्हा गरम वारा! वाचकहो, हे दुखणे समजून घ्यायचे तर थोडे मागे गेले पाहिजे. गारव्याच्या यंत्राचा इतिहास हा पुष्कळसा गळतीशी झगडण्याचा इतिहास आहे.

माठातले पाणी गार का होते, हे चौथीतला पोरगाही सांगेल. बाहेर झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता ओढून नेते. यंत्रही तेच करते. फरक इतकाच, की माठाची वाफ वाऱ्यावर जाते. यंत्रातली वाफ कॉम्प्रेसर दाबतो, गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत ती निवते, तिचा पुन्हा द्रव होतो आणि तो परत कामाला लागतो. म्हणजे हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला, याचा अर्थ त्याला कुठेतरी वाट सापडली.

पहिल्या मोठ्या यंत्रांतून, १८७० नंतरच्या काळात, अमोनिया खेळू लागला. तो आजही आपल्या शेजारीच आहे. तासगाव-सांगलीकडची बेदाण्याची शीतगृहे बहुतेक त्याच्याच जोरावर चालतात. (हरिपूरच्या पेवांत हळद मात्र विनायंत्राची वर्षानुवर्षे टिकत असे, हेही गुरुजींनी मुलांना सांगावे.) अमोनिया विषारी खरा, पण प्रामाणिक. जरासा सुटला तरी नाकाला झोंबतो. गळती नेमकी कुठे, हे पाहायला पेटती गंधकाची वात सांध्याजवळ नेली की पांढरा धूर उठतो. चोर आपणच ओरडून आपला पत्ता सांगतो, तसे हे.

पण घरात आणि मोटारीत असला जहाल वायू कोण घेणार? अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वास नसलेला, न पेटणारा, अंगाला न बाधणारा एक वायू शोधून काढला. १९३० साली शास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी तो छातीत भरून घेतला आणि त्याच फुंकरीने मेणबत्ती विझवली. पुढे हा वायू आर-१२ या नावाने गॅरेजात पोहोचला. १९३९ साली पॅकार्ड कंपनीने एसीची मोटार काढली. गंमत अशी, की तिचा कॉम्प्रेसर थांबवायचा तर इंजिन बंद करून पट्टा हाताने उतरवावा लागे!

बिनवासाचा वायू गळाला तर कळणार कसे? त्यासाठी एक दिवा निघाला. त्याची नळी सांध्यांवरून फिरवायची. गळती असली की आतल्या तापल्या तांब्यामुळे ज्योत हिरवी होई. युक्ती नामी, पण त्या ज्योतीत आर-१२ जळून विषारी धूर निघे, आणि तो मेस्त्रीच्याच नाकात जाई. माणसाला निरुपद्रवी म्हणून निवडलेला वायू मेस्त्रीला असा बाधत होता.

मोठा घात तर आणखी वरच होता. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले, की असे वायू आकाशात उंच जाऊन ओझोनचा थर खातात. १९८५ साली दक्षिण ध्रुवावरच्या ओझोनला पडलेले खिंडार जगापुढे आले. १९८७ साली मॉन्ट्रियलला करार झाला, १९९२ साली भारतही त्यात सामील झाला आणि २०१० पासून आपल्याकडे आर-१२ चा नेहमीचा वापर बंद झाला. त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तेराशे-चौदाशे पट जोरकस आहे. म्हणून २०१६ साली किगाली येथे त्यालाही हळूहळू आवर घालायचे ठरले. तेव्हा गळकी गाडी पुन्हापुन्हा भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे, आणि तेही शेजाऱ्याच्या भिंतीला ओल आणून!

आता मेस्त्रीच्या बाजूने पाहू. गाडी चालताना गार आणि फाटकाशी थांबली की गरम, असे असेल तर आधी गॅसकडे नव्हे, पंख्याकडे आणि कंडेन्सरकडे पाहावे. आमच्या भागात उसाचे पाचट आणि रस्त्याची धूळ त्या जाळीत गच्च बसते. वाराच कमी येत असेल तर आतला फिल्टर तुंबलेला. कॉम्प्रेसरचा क्लच टक्‌ करून लागतच नसेल, तर फ्यूज आणि तारा तपासाव्यात. एसी चालू असता दोन्ही काटे खाली असले, तर बहुधा गॅस कमी. हलक्या बाजूचा चढलेला आणि भारी बाजूचा उतरलेला असला, तर कॉम्प्रेसर थकलेला.

बंद गाडीवरचा काटा मात्र फसवतो. ३० अंश तपमानाला आत थोडा जरी द्रव उरला असेल, तरी आर-१३४ए चा दाब चौरस इंचाला सुमारे ९७ पौंडच राहतो. घरच्या गॅसच्या टाकीचेही असेच नाही का? शेवटपर्यंत शेगडी तशीच पेटते. किती उरले ते वजनानेच कळते.

गळती शोधताना तेलकट डाग पाहावा, कारण वायूबरोबर तेलही झिरपते. नाहीतर नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावावा, किंवा रंग घालून जांभळ्या दिव्याखाली चमक शोधावी. सांधा दुरुस्त झाला की पंपाने आतली हवा ओढून काढायची. महाबळेश्वर साडेचार हजार फूट उंच, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. पंप तर दाब इतका उतरवतो, की नळीत राहिलेली ओल साध्या तपमानालाच उकळून निघून जाते. ती राहिली तर झडपेत बर्फ धरते.

मग बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले वजन पाहावे. लहान गाडीत ते बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असते. टाकी काट्यावर ठेवून तेवढाच गॅस सोडावा, आणि बिलावर दोन गोष्टी लिहून मागाव्यात : गळती कुठे सापडली, आणि गॅस किती ग्रॅम भरला.