राधिकाची फारकती

आमच्या गावात पहिला टीव्ही आला तो पाटलाच्या वाड्यात, 1985 साली, 'हम लोग' अर्ध्यावर आली असताना. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं गाव. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे, पण वाड्याच्या ढाब्यावर बांबूला अँटेना लागला आणि गावाची मान उंच झाली. एक पोरगं वर चढून अँटेना फिरवायचं, खालून सगळे ओरडायचे, "आलं आलं! गेलं रे, गेलं!"

हिंदी बायांना अर्धीच समजायची, पण त्यावाचून काही अडलं नाही. दारुडा बसेसर राम दिसला की आजी म्हणायची, "हा तं आपल्या येथचाच हाये बाप्पा." बडकीने लग्न करावं की करू नये, यावर देशभरातून दूरदर्शनकडे पत्रांचे ढीग जात होते. आमच्या गावातून पत्र गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी निंदणाला गेलेल्या बाया तासामागून तास बडकीचाच निकाल लावत. ओळ मागे राहिली की बांधावरून आवाज यायचा, "अवो, बडकीचं लगन लागलं असन तं हात चालवा!"

तशी ही सवय टीव्हीने लावलेली नव्हती. त्याच्या आधी दंडार होती. दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घ्यायचा, आणि कोणाला लुगडं शोभलं, कोणाला रडणं जमलं, यावर महिनाभर ओसरीवर वाद चालायचा. आजोबा मागच्या पिढीतल्या सोंगाड्यांची नावं घेऊन नव्यांना खाली बसवत. नट बदलले, पडदा बदलला, ओसरी तीच राहिली.

मग 25 जानेवारी 1987 ला 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी बैलगाड्या थांबायच्या. अरुण गोविल पडद्यावर आले की म्हातारी माणसं हात जोडत. पण पुढे उत्तरकांड दाखवायला लागले आणि बाया गप्प झाल्या. गरोदर सीतेला वनात सोडलं त्या दिवशी आजी उठून चुलीपाशी गेली. कोणी विचारलं तर म्हणाली, "देव असन थो. पन माह्या लेकीसंगं असं कोनी केलं असतं तं म्या इचारलं असतं."

आमच्या विदर्भात सीतेचं हे दुःख नुसतं पोथीतलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं देऊळ आहे, रामाशिवायचं. लोक सांगतात, लव-कुशांसाठी सीतेने गावात पसाभर गहू मागितला, गावाने दिला नाही, म्हणून तिने शाप दिला आणि गावात गहू पिकेनासा झाला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. 1986 साली चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन झालं, आणि त्यानंतर काही वर्षांतच संघटनेने लक्ष्मीमुक्ती काढली. शेतकऱ्याने आपली थोडी जमीन बायकोच्या नावाने करून द्यायची, ही ती चळवळ. आमचे बाबा संघटनेचा लाल बिल्ला छातीला लावून फिरायचे. सातबारा मात्र त्यांच्याच नावाने राहिला.

आजीने सीतेसाठी जे म्हटलं, ते तिला स्वतःच्या लेकीसाठी म्हणता आलं नाही. 1991 च्या उन्हाळ्यात आत्या माहेरी परत आली. नवऱ्याने दुसरी आणली होती. कायद्याने 1955 पासून हिंदू माणसाला पहिली असताना दुसरी करता येत नाही, पण कायदा तालुक्याला असतो आणि तालुका लांब असतो. आजोबा म्हणाले, "बाईनं सोसा लागते." बाबांनी आत्याला दोनदा एसटीत बसवून सासरी धाडलं. दोनदा ती परत आली. तिसऱ्यांदा कोणी काही बोललं नाही. फारकती झाली नाही, पोटगी मागितली नाही. 'घरची इज्जत' या दोन शब्दांत सगळं मिटलं. पुढे वाटणीच्या वेळी हक्कसोडच्या कागदावर बाकीच्या बहिणींसारखी तिचीही सही घेतली. ती आमच्या घरची कापूस वेचणारी, कुरोड्या-मुंगवड्या घालणारी, कोणाचं बाळंतपण असलं की हाक मारायची बाई होऊन गेली.

तिला टीव्हीचा फार नाद. 1997 मध्ये सह्याद्रीवर 'दामिनी' सुरू झाली. मराठीतली ती पहिली रोजची मालिका. प्रतीक्षा लोणकरची पत्रकार अन्याय करणाऱ्याला तोंडावर प्रश्न विचारायची, आणि आत्या तूर निवडता निवडता मान डोलवायची. 1999 च्या 15 ऑगस्टला अल्फा मराठी वाहिनी आली आणि तिच्यावर 'आभाळमाया'. सुकन्या कुलकर्णींची सुधा शिकलेली, नोकरीवाली, आणि तरीही नवरा दुसरीकडे गुंतलेला. "शिकलेल्या बाईच्याही नशिबी हेच अशीन तं आपलं काय?" असं शेजारची काकू म्हणाली, तेव्हा आत्या एवढंच बोलली, "तिचा पगार तिच्या हातात हाये." पुढे ई टीव्हीवरची 'चार दिवस सासूचे' आली, ती हजारो भाग चालली. मधल्या काळात भारनियमनाने गाव बारा-बारा तास अंधारात असायचं. तरी ज्याचा भाग हुकला त्याला दुसऱ्या दिवशी नळावर सगळा सांगितला जायचा, आणि सांगणारीच्या हातचं मीठ-मसाला त्यात पडायचंच.

पण खरी फूट पडली ती 2016 च्या ऑगस्टपासून. झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. मुंबईतला गुरुनाथ, त्याची नागपूरची बायको राधिका आणि ऑफिसातली शनाया. राधिका चक्क आपल्या भागातली भाषा बोलायची. पहिल्या आठवड्यात ओसरीवर नुसता तिच्या बोलण्याचाच वाद. अकोल्याला दिलेली चुलतबहीण म्हणाली, "हे नागपुरी हाये, वऱ्हाडी नोहे. आपन डोयाले डोया म्हनतो, थे डोळा म्हनते." एका भाच्याने मोबाइलवर शोधून सांगितलं की राधिका करणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. त्यावर काकू म्हणाली, "नाशिकची असून इतकं बोलते, मंग तिले पैकीच्या पैकी!"

दुसरा मुद्दा जास्त टोचणारा होता. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे 'लीळाचरित्रा'चं गाव. मराठीतला हा पहिला गद्य ग्रंथ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात आपल्याच मातीत लिहिला. आणि याच मुलखातली बोली नाटका-सिनेमात बहुतेक वेळा नोकराच्या नाही तर विनोदी पाहुण्याच्या तोंडी. आता ती नायिकेच्या तोंडी आली, पण गुरुनाथला बायकोची लाज वाटते ती तिच्या गावंढळपणाचीच. मी शाळामास्तर, मला राहवलं नाही. म्हटलं, "आपल्या भाषेले मान देऊन रायले का हसून रायले?" आत्या म्हणाली, "हसनारा कोन हाये थे पाह्य. थो तं खोटा मानूस हाये. मंग भाषा खरी झाली का नाई?" मला उत्तर सुचलं नाही.

शनायाचाही वाद जुना. आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग परत रसिका सुनील. पोरांच्यात दोन पार्ट्या. एका पार्टीचं म्हणणं, रसिकाच्या डोळ्यात लबाडी आहे, दुसरीत फक्त मेकअप. अभिजीत खांडकेकरच्या गुरुनाथवर तर बाया इतक्या चिडायच्या, की बाबा म्हणायचे, "इतक्या शिव्या खाते म्हंजे नट चांगला हाये." हे मात्र सगळ्यांनाच पटायचं.

राधिकाने मसाल्याचा धंदा काढला, मोठी कंपनी उभी केली. तेव्हा पुरुष हसले, "एवढ्या लवकर कोट्यधीश?" बाया हसल्या नाहीत. मग 2019 च्या जानेवारीत तिचं सौमित्रशी दुसरं लग्न लागलं. त्या रात्री आमच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं होती. काकूचं मत ठाम. "पोरगा मोठा झाला, आता हे थेरं काहून? नवरा चुकला तं चुकला, फारकती घेऊन घरची इज्जत घालवली तिनं."

कोपऱ्यात आत्या तूर पाखडत होती. सूप थांबलं.

"इज्जत कोनाची वो?" ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. "माह्या नवऱ्यानं दुसरी आनली, त्याची नाई गेली. दादानं मले दोन डाव एसटीत बसवून देल्लं, त्याची नाई गेली. मंग राधिकानंच काय घालवली?"

टीव्हीवर मंगलाष्टकं चालू होती. बाबा तिथेच बाजेवर बसले होते. कोणी बंद करायला उठलं नाही, आणि कोणी पाहतही नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत ही गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदा बोलली गेली, तीही एका मालिकेच्या आडून. काकू हळूच म्हणाली, "म्या तुले नाई म्हटलं, बाई." आत्या म्हणाली, "मले मालूम हाये. पन मले लागलं."

बाबा दोन-तीन महिने तिच्याशी नीट बोलले नाहीत. मला वाटलं, राग आला असेल. त्या आखाजीला पितरांचं जेवण झाल्यावर त्यांनी तिला हाक मारली. "धुऱ्याकडचे दोन एकर तुह्या नावानं करून देतो. आन् थे एसटीचं... म्या चुकलो." एवढ्या वर्षांत मी बाबांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता.

माझी समजूत होती, आत्या रडेल, नको म्हणेल. सिनेमात तसंच होतं. आत्या म्हणाली, "कर. पन कागद कर, तोंडी नोको."

पावसाळ्याआधी तालुक्याला जाऊन बक्षीसपत्र केलं. सातबाऱ्यावर नाव चढलं तो उतारा ती अजून पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवते. त्या दोन एकरांत तूर आणि सोयाबीन होतं. भाव पडले की सगळ्या कास्तकारांसारखी तीही सरकारला शिव्या देते.

2020 च्या टाळेबंदीत शूटिंग बंद पडलं आणि दूरदर्शनने जुनं 'रामायण' परत लावलं. सीतेला वनात सोडण्याचा भाग आला. आजी नव्हती. आत्या पूर्ण भाग बसून पाहत राहिली. माझ्या मुलीने विचारलं, "आजी, सीता परत काहून नाई गेली?" आत्या म्हणाली, "तिले माय होती. धरती." मग थोड्या वेळाने, "आन् धरती जिच्या नावानं असते, तिले कोठी जा लागत नाई."

7 मार्च 2021 ला राधिकाची गोष्ट संपली. शेवट पटला की नाही यावर ओसरीवर आठवडाभर वाद झाला. आत्याचं मत विचारलं तर म्हणाली, "शेवटी शेवटी लय लांबवलं बाप्पा. पन पोरीनं काम चांगलं केलं."