वाण राखणे : अलिबागचा पांढरा कांदा आणि उन्हाळ्याचे स्वयंपाकघर

'हेअरलूम टोमॅटो' हा शब्दप्रयोग आता आपल्याकडील वृत्तपत्रांच्या पाकपुरवण्यांतूनही भेटू लागला आहे. हेअरलूम म्हणजे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चीजवस्तू. मग लक्षणेने, घराण्यात तसेच चालत आलेले बियाणे. अमेरिकेत १९७५ साली डायान आणि केंट व्हीली या दांपत्याने जुन्या बियाण्यांची देवाणघेवाण करणारी एक चळवळ सुरू केली. डायान यांच्या आजोबांकडून त्यांना दोन वाणे मिळाली होती, एका फुलवेलीचे व एका गुलाबी टोमॅटोचे, आणि तीच या उपक्रमाची प्रेरणा ठरली. एक आजोबा, एक नात आणि मूठभर बी, एवढ्यावर ही कल्पना उभी आहे. वारसा म्हणजे एका कुटुंबाची ठेव, असा अर्थ तीत आपोआप गृहीत धरला जातो.

हीच कल्पना घेऊन आपण रायगडच्या किनाऱ्यावर उतरलो, तर काय हाती लागते? टोमॅटो तर नक्कीच नाही. आमच्या मते या किनाऱ्यावरील उन्हाळ्याच्या स्वयंपाकाचा खरा वारसा अलिबागच्या पांढऱ्या कांद्यात आहे. आणि तो समजून घ्यावयाचा तर वारसा या शब्दाची वर सांगितलेली व्याख्याच थोडी बदलावी लागते.

प्रथम शब्दांची साक्ष पाहू. टोमॅटोला मराठीत एके काळी 'वेलवांगी' म्हणत. विदर्भात 'भेदरे' म्हणतात. हिंदीत तो 'विलायती बैंगन' होता. नव्या पाहुण्याची ओळख घरातल्या जुन्या माणसाच्या नात्याने करून द्यावी, तसा हा प्रकार आहे. वास्तविक अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या हातून आलेल्या वनस्पतींना अलिबाग तालुक्याचे दार फार दूरचे नव्हते. चौल येथे १५२१ पासून पोर्तुगीजांचा किल्ला होता आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे येईपर्यंत दोन शतकांहून अधिक काळ हे ठाणे नांदते होते. मिरचीने या काळात आपल्या जेवणाचा ताबा घेतला; टोमॅटोला मात्र सर्वसाधारण घरात शिरावयास पुष्कळ उशीर लागला. त्याचे एक कारण उघड आहे. आंबटपणाची जागा येथे रिकामी नव्हती. आमसूल, चिंच आणि कैरी यांनी ती आधीच अडवलेली होती.

'कांदा' या शब्दाची कथा याच्या उलट आहे. संस्कृतात कांद्याला 'पलांडु' म्हणतात, आणि 'कंद' म्हणजे जमिनीखाली पोसणारा कोणताही गड्डा. मराठीने 'कंद' या सर्वसामान्य शब्दापासून 'कांदा' घडवला आणि तो प्रामुख्याने या एका भाजीला बहाल केला. धर्मशास्त्राने निषिद्ध ठरवलेला हा पदार्थ सावता माळ्याच्या अभंगात मात्र थेट विठ्ठलाच्या नात्याने येतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगावयास नको. निषेध आणि आवड यांची तडजोड पाहावयाची असेल, तर कांदेनवमी आठवावी. चातुर्मासात कांदा सोडावयाचा, म्हणून आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला, तो मनसोक्त खावयाचा!

किनाऱ्यावरील उन्हाळ्यात पांढरा कांदा बहुतेक वेळी कच्चाच खाल्ला जातो. त्याचा तिखटपणा कमी आणि चव गोडसर; चिरताना डोळ्यांना धारा लागत नाहीत. गंधकयुक्त द्रव्यांचे प्रमाण बेताचे असल्याचा हा परिणाम होय. तांदळाची भाकरी, सुकटीचे कालवण किंवा भाजलेला सुका बोंबील, आणि शेजारी हाताने फोडलेला कांदा, हे दुपारचे जेवण होते. कैरी आणि कांदा एकत्र किसून, गूळ-तिखट घालून केलेला तक्कू ही त्याच ऋतूची दुसरी खूण. येथे कैरी आंबटपणा पुरवते, कांदा गोडवा आणि ओलावा. टोमॅटोच्या कोशिंबिरीकडून आज आपण जे अपेक्षितो, ते सारे या दोघांत वाटून दिलेले आहे. कांदा उन्हाची काहिली कमी करतो, ही समजूतही या भागात घट्ट आहे.

हे पीक भातशेतीच्या सावलीतले आहे. खरिपाचे भात कापून झाले की कार्ले, खंडाळे, नेहुली आणि आसपासच्या गावांत, जमिनीत उरलेल्या ओलाव्याचा व विहिरीच्या पाण्याचा आधार घेऊन कांद्याची रोपे लावली जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी कांदा निघतो. तो पातीसकट वाळवून, पातींची वीण घालून त्याच्या माळा केल्या जातात. हे काम मुख्यतः स्त्रियांचे. वडखळकडून अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला टांगलेल्या या पांढऱ्या माळा प्रवाशांच्या परिचयाच्या आहेत. माळ ही केवळ विक्रीची शोभा नव्हे. हवा खेळती ठेवून कांदा टिकवण्याची ती रीत आहे, आणि पुढच्या हंगामाचे बियाणे ज्यांच्यापासून धरावयाचे ते निवडक कांदेही असेच जपले जातात.

वारशाचा कळीचा मुद्दा येथेच आहे. टोमॅटोचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून परसात दोन-चार झाडे असली, तरी एखाद्या आजीला आपले वाण शुद्ध राखता येते. आणि नीट वाळवलेले बी डबीत चार-पाच वर्षे उगवणक्षम राहते. कांद्याचे तसे नाही. पहिल्या हंगामात बियांपासून कांदा पोसतो; तो राखून दुसऱ्या हंगामात पुन्हा लावला म्हणजे त्याला डेंगळे येतात, आणि त्यांच्या गोंड्यांत बी धरते. हे बी अल्पायुषी असते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तर वर्षभरातच त्याची उगवण ढासळते. म्हणजे हा वारसा पेटीत ठेवून विसरता येत नाही. एक वर्ष चुकले की साखळी तुटते.

दुसरी अडचण मधमाश्यांची. कांद्याचे परागीभवन कीटक करतात आणि ते शेताचा बांध पाळत नाहीत. बीजोत्पादनासाठी दोन वाणांत शेकडो मीटर अंतर राखावे, असे कृषिशास्त्र सांगते. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, अशी आपली म्हण आहे. बैलांच्या बाबतीत ती खरी असेल. कांद्याच्या बाबतीत वाणही लागतो! पांढऱ्या कांद्याच्या गोंड्यांशेजारी लाल कांदा फुलू दिला, तर पुढच्या पिढीत रंगीत कांदे उमटू लागतात. म्हणून पांढरा कांदा शुद्ध राखणे हे एकट्या घराचे काम राहत नाही. शेजाऱ्याने आपल्या शेतात काय फुलू द्यावे, याविषयी साऱ्या गावाचे न लिहिलेले एकमत असावे लागते.

वाङ्मयाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर टोमॅटोचे बी हे रुमालात बांधून ठेवलेल्या पोथीसारखे आहे आणि कांद्याचे बी जात्यावरच्या ओवीसारखे. पोथी एका घरी पडून राहिली तरी टिकते. ओवी गळ्यांतून गळ्यांत जात राहिली तरच टिकते. मात्र पोथीतही अपपाठ शिरतात. म्हणून तर शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचे काम हाती घ्यावे लागले. कांद्याच्या बाबतीत ही पाठशुद्धी दरवर्षीची. माळेतून वेडावाकडा, जोडकांदा किंवा रंग उतरलेला कांदा बाजूला काढणारी बाई एक प्रकारे संपादनच करीत असते; तिच्या प्रतीवर तिचे नाव नसते, इतकेच.

लिखित इतिहास उत्पन्नाची नोंद ठेवतो, राखणदाराची क्वचितच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाबा व जंजिरा यांवरील खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला. (कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ मध्ये.) अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या जुनेपणाचा पुरावा म्हणून त्यातील उल्लेखाचा आधार पुढे दिला गेला. योगायोग असा की त्याच १८८३ साली जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध करीत होते. एका ग्रंथाची दृष्टी जिल्ह्याच्या पिकांवर आणि महसुलावर होती, दुसऱ्याची ते पीक काढणाऱ्या माणसावर. शेतमालाचा इतिहास लिहिताना आपण अजूनही बहुधा पहिल्याच दृष्टीने पाहतो.

भौगोलिक मानांकनासाठी २०१९ मध्ये अर्ज दाखल झाला आणि पुढे या कांद्यास ते मिळालेही. त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. बाहेरून आलेला पांढरा कांदा अलिबागच्या नावाने विकला जातो, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. तिला आता कायद्याचा आधार आहे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, बियाण्याचे नव्हे. नाव कागदावर सुरक्षित असेल आणि गोंडे फुलावयास जागा नसेल, तर त्या नावाखाली काय विकले जाईल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. मांडव्यास २०२० पासून मोटारींसह प्रवाशांना नेणारी रो-रो बोट येते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली आणि भातखाचरांच्या जागी कुंपणे व बंगले दिसू लागले. विकणाऱ्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. कांद्याच्या माळेवर मुलांची शिक्षणे होत नाहीत, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. तथापि येथे प्रत्येक विक्रीत एका शेतापेक्षा अधिक काही जाते. खाचर गेले की रोपाची जागा जाते, आणि गावातील बी धरणारी घरे दहावरून दोनांवर आली की ते एकमतही जाते. टोमॅटोचे एखादे जुने वाण शेवटच्या एका घरातूनही पुन्हा पसरू शकते. पांढऱ्या कांद्याला त्यासाठी गाव लागते. म्हणून त्याच्या रक्षणाचा विचार करणाऱ्यांनी बाजारपेठेइतकेच लक्ष बी धरणाऱ्या घरांकडे आणि त्यांच्या सलग राहिलेल्या खाचरांकडे द्यावयास हवे.