विद्युत चोक : जुन्या पेट्रोल गाडीतील जोडणी

थंड इंजिनात पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही, म्हणून हवा अडवून मिश्रण समृद्ध करणारी झडप म्हणजे चोक. भारतात ट्रक बहुतेक डिझेलचे, म्हणजे चोक नसलेले. त्यामुळे वऱ्हाडातल्या अकोटसारख्या ठिकाणी हा प्रश्न मुख्यतः महिंद्रा सीजे-३बी सारख्या पेट्रोल जीपचा. तिचा मूळ चोक हाताने ओढायच्या तारेचा असतो. विद्युत चोकमध्ये द्विधातूची स्प्रिंग झडप मिटवते आणि तापक कॉइल ती तापवून काही मिनिटांत उघडते. इंजिन चालू आहे की बंद, हे तापकाला कळत नाही; म्हणून वीज कुठून घ्यायची, हाच जोडणीतला खरा प्रश्न.

सोय म्हणून तार इग्निशन कॉइलच्या धन टोकाला लावतात, ते टाळावे. बॅलास्ट रेझिस्टर असेल तर तिथे पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत, झडप रेंगाळते, धूर काळा येतो, प्लग काजळतात. चावीवरचा, स्वतंत्र फ्यूजचा पुरवठा रिलेतून द्यावा आणि रिले ऑइलचा दाब आल्यावर जुळणाऱ्या स्विचने चालवावा. डॅशबोर्डच्या दिव्याचा स्विच नेमका उलटा, दाब आल्यावर तुटणारा असतो. इथेच बरेच जण फसतात. गॅस्केटमुळे चोकचे अर्थिंग कच्चे राहू शकते, म्हणून त्याची वेगळी तार ओढावी.

वऱ्हाडच्या उन्हात चोक हवाच कशाला, असे कोणी म्हणेल. मेमध्ये ते खरे आहे. पण कापूस वेचणीचा हंगाम हिवाळ्यातला, आणि सातपुड्याच्या पायथ्याची पहाट गार असते. हाताचा चोक साधा आहे, हे मात्र मान्य. ६ व्होल्टच्या जीपला तोच ठेवावा, कारण १२ व्होल्टचा तापक तिथे जेमतेम कोमट होतो.