दिवसभर लॅपटॉपसमोर बसता? मग फोनलाच उठवायला लावा!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी डोणगावला घरी येऊन काम करू लागलो. पलंगावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन रोज नऊ-दहा तास. दोन महिन्यांत कंबर धरली. फोनमध्ये बघितलं तर दिवसाची पावलं जेमतेम ९००!

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दोन गोष्टी सांगते: आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करा आणि बसून राहण्याचा वेळ कमी करा. संध्याकाळी शेतापर्यंत चक्कर मारली, तरी दुसरी गोष्ट उरतेच. त्यासाठी मी हे केलं:

१. ३० मिनिटांचा टायमर लावून फोन दाराजवळ ठेवला. बंद करायला उठावंच लागतं.

२. उठल्यावर २० सेकंद लांबच्या झाडाकडे बघायचं. डोळ्यांनाही सुट्टी.

३. कॉल आला की फोन खिशात, इअरफोन कानात आणि अंगणात फेऱ्या. फोनचा सेन्सर हालचालीवरून पावलं मोजतो. टेबलावर पडलेला फोन काय मोजणार?

४. लॅपटॉप टेबलावर, डोळ्यांच्या उंचीला, कीबोर्ड वेगळा.

कंबर लगेच नाही, पण हळूहळू सुटली. दुखणं राहिलं किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर ॲप नको, डॉक्टर गाठा.

आता वाचून झालं ना? मग उठा!