एक किलोचा ‘स्वयम्’

आठवीत प्रयोगशाळेत आपण चुंबकपट्टी दोऱ्याने टांगायचो. ती थोडी डोलायची आणि शेवटी उत्तर-दक्षिण स्थिरावायची. आकृती, निरीक्षण, अनुमान, की झाला प्रयोग! तोच प्रयोग पुण्याच्या विद्यार्थ्यांनी पुढे अंतराळात केला, त्याची ही गोष्ट.

१९९९ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅल पॉलीचे जॉर्डी पुइग-सुआरी या दोन प्राध्यापकांनी ‘क्यूबसॅट’ची कल्पना मांडली. १० सेंटीमीटर बाजूचा ठोकळा, वजन किलोभर. विद्यार्थ्याला शिक्षण संपायच्या आत उपग्रहाचा आराखडा करता यावा, तो बांधता यावा आणि उडालेला पाहता यावा, हा हेतू. ३० जून २००३ रोजी रशियातील प्लेसेत्स्कहून पहिले क्यूबसॅट उडाले. त्यांत टोकियोच्या विद्यार्थ्यांचेही होते.

आपल्याकडे पहिला मान चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा. त्यांचा ४० किलोचा ‘अनुसॅट’ २० एप्रिल २००९ रोजी पीएसएलव्हीने नेला. पुढच्या वर्षी, १२ जुलै २०१० रोजी, हैदराबाद आणि बंगळुरूच्या सात महाविद्यालयांचा, एक किलोहूनही हलका ‘स्टुडसॅट’ गेला.

पुण्याच्या सीओईपीत ‘स्वयम्’चे काम २००८ मध्ये सुरू झाले होते. हौशी रेडिओचालकांचे निरोप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवायचे, हे त्याचे काम. पण उपग्रह भिरभिरत राहिला तर अँटेनाची दिशा कशी राखायची? किलोभर वजनात मोटारी आणि त्यांना लागणारी वीज परवडत नाही. म्हणून आत कायमचुंबक बसवला. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला दिशा देते, आणि डोलणे शमवायला खास चुंबकीय पदार्थाच्या कांड्या असतात. वीज शून्य. आपली आठवीची चुंबकपट्टीच ती, फक्त दोरा नाही!

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ वीस उपग्रह घेऊन उडाले, त्यांत ‘स्वयम्’ होता. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबरला गेला. त्याचे काम २००७ पासून चालू होते.

आता हिशेब करा. पदवी चार वर्षांची, उपग्रहाला लागली आठ-नऊ वर्षे. ज्यांनी पहिल्या आकृत्या काढल्या, ते उड्डाणाच्या वेळी नोकरीत किंवा परदेशात होते. ट्विग्ज आणि पुइग-सुआरींनी मनात धरलेला हेतू इथे तंतोतंत साधला नाही. तरीही उपग्रह उडाला, कारण जाणाऱ्या तुकडीने पुढच्या तुकडीला काम समजावून दिले, आणि मागच्यांनी ते आपले मानले.

वीस वर्षांहून अधिक काळ मी सॉफ्टवेअर लिहिते आहे. काम सोडून जाणाऱ्याने नीट लिहून ठेवले नसेल, तर मागे राहणाऱ्याचे काय हाल होतात, हे मला चांगले ठाऊक आहे. उपग्रहात तर एकदा उडाल्यावर झाकण उघडूनही पाहता येत नाही. म्हणून या मुलांचे मला कौतुक वाटते, आणि त्यातही न दिसलेल्या पहिल्या तुकडीचे जास्त.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यालाही कुणीतरी चुंबकपट्टी हातात दिली होती. पुढे आपण काय केले, हे पाहायला त्या बाई आणि सर प्रत्येकाच्या वेळी हजर नव्हते. या मेळाव्यात शाळेच्या प्रयोगशाळेसाठी काही करायचे ठरले, तर वस्तूंबरोबर आपला वेळही देऊ या. आठवीच्या वर्गावर एक तास घ्यायला मी तयार आहे. दोरा मी आणीन.