त्या एका ओळीचं आमेन

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. ७ तारीख, बुधवार. सकाळी टीव्ही लावला तर ऑपरेशन सिंदूरची बातमी, आणि नेमका त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठरलेला. भोंगे वाजणार, दिवे घालवणार, असे निरोप सकाळपासून मोबाईलवर फिरत होते. आमच्या मुलुंडला बुधवारी संध्याकाळी घरोघरी आळीपाळीने प्रार्थनासभा असते. त्या दिवशी पाळी आमची होती. पंधराएक माणसं जमली. (आमच्या ख्रिस्ती लोकांत ‘मंडळी’ म्हणजे चर्चची माणसं. तुम्हा वाचकांना मी मंडळी म्हणते ते वेगळं.) भजन झालं आणि कुणीतरी म्हणालं, “बाई, आज देशासाठी प्रार्थना तुम्हीच करा.”

तीस-पस्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. चार माणसांपुढे बोलायची भीती कधी वाटली नाही. पण डोळे मिटले आणि तोंडातून शब्द फुटेना. देशासाठी प्रार्थना म्हटलं की मला वडिलांचं गप्प बसणं आठवतं. घरच्या पोरांना ते सांगायचं राहूनच गेलंय, म्हणून आज लिहायला बसले.

आम्ही मूळचे नगरचे. आता ते अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडात नगरच येणार. वडील इंग्लंडच्या एस.पी.जी. मिशनच्या मंडळीतले आणि आई अमेरिकन मराठी मिशनमधली. बाहेरच्यांना दोघे सारखेच, ‘ते मिशनवाले’. घरात मात्र फरक फार. वडिलांकडची प्रार्थना पुस्तकातली, आईकडची मनातली. आईचे भाऊ म्हणायचे, छापील प्रार्थना म्हणजे दुसऱ्याने लिहून दिलेलं पत्र. त्यावर वडिलांचं उत्तर ठरलेलं, “मनातली प्रार्थना लांबते आणि भाकरी करपते.”

ते पुस्तक म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ सालच्या प्रार्थना-पुस्तकाचं मराठी भाषांतर. यादवी युद्ध नुकतंच सोसलेल्या देशाचं ते पुस्तक. त्यात पावसासाठी प्रार्थना आहे, पाऊस थांबावा म्हणूनही आहे. दुष्काळ आणि महागाईसाठी आहे, साथीच्या रोगासाठी आहे, युद्धासाठी आहे. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. शाळेच्या ऑफिसात रजेचे, दाखल्याचे, फी माफीचे वेगवेगळे छापील अर्ज असतात ना, तसं. पण नगर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला दुष्काळाच्या प्रार्थनेची गंमत वाटत नाही. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आमच्या भागाने पाहिले. मिशनच्या अनाथाश्रमांत त्या वेळी आलेली मुलं हीच आमच्यातल्या कितीतरी घराण्यांची सुरुवात. पंडिता रमाबाईंनी त्याच काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलीबायका आणून केडगावला ठेवल्या. तिथे प्रार्थना मोठमोठ्याने होत, आणि विहिरीही खणल्या जात. रमाबाईंची ही गोष्ट मला फार आवडते. असो.

सांगायचं ते राजाबद्दल. त्या पुस्तकातल्या सकाळच्या उपासनेत राजासाठी एक स्वतंत्र प्रार्थना होती. राजाला आरोग्य दे, आयुष्य दे, आणि त्याने आपल्या सर्व शत्रूंना जिंकावं असं बळ दे, अशा अर्थाची. पाळकाने ती म्हणायची आणि सगळ्यांनी शेवटी आमेन म्हणायचं. लिटनी नावाची जी लांबलचक प्रार्थना असते, तिच्यातही राजाला शत्रूंवर विजय मिळावा ही मागणी होती. आणि नवल म्हणजे त्याच लिटनीत थोडं पुढे, आमच्या शत्रूंना क्षमा कर, त्यांची मनं पालट, हीसुद्धा होती. शेकडो वर्षं लोक एकाच दमात दोन्ही म्हणत आले. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर या प्रार्थनांना धार आली. २६ मे १९४०, डंकर्कचे दिवस, तेव्हा सहाव्या जॉर्ज राजाने राष्ट्रीय प्रार्थना दिवस पाळायला सांगितला होता आणि इंग्लंडातली चर्चेस ओसंडून वाहिली. त्यांचं समजण्यासारखं आहे. त्यांच्या दारात युद्ध आलं होतं, आणि राजा त्यांचा होता.

नगरला काय होतं? ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ च्या पहाटे काँग्रेसचे पुढारी पकडले, आणि नेहरू, पटेल, मौलाना आझाद वगैरे मंडळींना आणून ठेवलं ते आमच्या नगरच्या किल्ल्यात! अडीच वर्षांहून जास्त काळ ती माणसं तिथे होती. नेहरूंचं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ याच किल्ल्यात १९४४ साली लिहिलं गेलं. माझे वडील तेव्हा वीस वर्षांचे. रविवारी सकाळी अंगात धुतलेला सदरा घालून वडिलांबरोबर, म्हणजे माझ्या आजोबांबरोबर, उपासनेला जायचे. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. पगार मिशनचा, घर मिशनचं.

वडील सांगायचे, “राजाचे शत्रू म्हणजे जर्मन आणि जपानी इथवर ठीक होतं. पण किल्ल्यात बसलेले कोण? राजाच्या हिशोबाने तेही शत्रूच की. आणि आम्ही गुडघ्यावर बसून म्हणतोय, त्याला जिंकू दे.”

तर एका रविवारी त्यांनी त्या प्रार्थनेला आमेन म्हटलं नाही. बाकी सगळं म्हटलं. मंडळी ते मंडळी, पाळकांच्याही लक्षात आलं नसेल. शेजारी बसलेल्या आजोबांच्या मात्र आलं. घरी जेवणं होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पौलाने तीमथ्याला लिहिलंय, राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा. तेव्हा रोमचा बादशहा काय ख्रिस्ती होता?”

वडील म्हणाले, “पौलाने प्रार्थना करायला सांगितली. विजय मागायला नाही सांगितलं.”

एवढंच. भांडण नाही, घर सोडणं नाही. वडील दर रविवारी जात राहिले आणि त्या ओळीशी गप्प बसत राहिले. शाळेत स्वातंत्र्यलढा शिकवताना मी मिठाचा सत्याग्रह सांगितला, प्रतिसरकार सांगितलं. हे कधी सांगितलं नाही. यात सांगण्यासारखं काय आहे असंच वाटायचं. ख्रिस्ती म्हणजे साहेबाची माणसं, हे वाक्य मीही शाळेच्या स्टाफरूममध्ये हसत हसत ऐकून घेतलंय. रेव्हरंड टिळकांचं नाव घ्यावं तर लोक म्हणत, “ते वेगळे हो, ते कवी!” टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे देशावर भरभरून लिहिलं, १९१७ साली मिशनचा पगारही सोडला. ते मोठे होतेच. पण एका न उच्चारलेल्या आमेनचं नाव कोण घेणार?

स्वातंत्र्य आलं. प्रार्थनेतून राजा गेला आणि यथावकाश राष्ट्रपती आले. वडिलांना नोकरी मुंबईत लागली आणि आम्ही घाटकोपरच्या चाळीत आलो. आता एक गोष्ट अशी सांगते, जी इतिहासाच्या पदवीधरांनाही सहसा ठाऊक नसते. आमच्या अँग्लिकन चर्चचं तेव्हाचं नाव होतं ‘चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन’. फाळणीत सैन्य वाटलं, तिजोरी वाटली, कचेऱ्यांतल्या टेबलखुर्च्यासुद्धा वाटल्या. हे चर्च मात्र वाटलं नाही, नावात फक्त एक देश वाढला. म्हणजे १९६५ च्या सप्टेंबरात लाहोरच्या वेशीवर रणगाडे लढत होते तेव्हा मुंबईचे अँग्लिकन आणि लाहोरचे अँग्लिकन एकाच चर्चचे सभासद होते! दोघेही आपापल्या देशासाठी त्याच पुस्तकातून प्रार्थना करत असणार. त्या वेळी मी पंधरा वर्षांची. माझ्या लक्षात आहे तो शास्त्रीजींचा सोमवार. त्यांनी आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं आणि सोमवारी रात्री आमच्या चाळीत चुली थंड असायच्या. वडील खूष. म्हणायचे, “उपास आणि प्रार्थना एकत्र पाहिजेत. पंतप्रधानाला कळलं ते आपल्या मंडळीला कळत नाही.”

१९७० च्या नोव्हेंबरात ते जुनं चर्च संपलं. १ तारखेला तिकडे ‘चर्च ऑफ पाकिस्तान’ झालं, त्यात ढाकाही होतं. २९ तारखेला नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं आणि वडिलांची पुस्तकवाली मंडळी नि आईची मनातली मंडळी एका नावाखाली आली. आई म्हणाली, “आमचं लग्न आता पक्कं झालं.” आणि वर्षभरात युद्ध.

ते १९७१ चे डिसेंबरचे दिवस ज्यांनी मुंबईत काढलेत त्यांना सांगायला नको. खिडक्यांना काळे कागद, मोटारींचे दिवे वरून काळे रंगवलेले, भोंगा झाला की सगळी चाळ अंधारात. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला, त्यांची जहाजं बुडवली. ती बातमी आली तेव्हा आमच्या मजल्यावर पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. मग ९ च्या रात्री दीवजवळ आपली ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

आमच्या शेजारच्या काकूंचा थोरला नौदलात होता. कोणत्या जहाजावर ते घरात कुणाला धड माहीत नाही. काकू मालवणकडच्या, गणपतीला नवस बोलून झालेला. संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थना असते हे त्यांना ठाऊक होतं. त्या येऊन दाराशी भिंतीला टेकून बसल्या. मिणमिणता कंदील, त्यालाही कागद गुंडाळलेला. आईने त्यांचा हात धरला होता. वडिलांनी त्या दिवशी पुस्तक उघडलं नाही, अंधारात वाचता आलंच नसतं. त्यांनी मनातली प्रार्थना केली. आधी काकूंच्या मुलासाठी, नाव घेऊन. मग समुद्रात गेलेल्यांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी. मग ढाक्यातल्या माणसांसाठी. आणि मग म्हणाले, कराचीच्या समुद्रात जी पोरं बुडाली त्यांच्या आयांनाही धीर दे.

काकू प्रत्येक वाक्याला आमेन म्हणत होत्या. कधी म्हणायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येक वाक्याला. याही वाक्याला म्हणाल्या. मी म्हटलं नाही. एकवीस वर्षांची होते, बी.ए. होऊन नुकती शाळेला लागलेली, आणि मला अक्षरशः संताप आला होता. या बाईचा मुलगा जिवंत आहे की नाही माहीत नाही, आणि हे तिच्यासमोर शत्रूसाठी प्रार्थना करतात! काकू गेल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. वडिलांनी कंदील बारीक केला आणि म्हणाले, “तू गप्प बसलीस ते ऐकलं मी.” रागाने नाही म्हणाले. पुढे एक शब्द नाही.

काकूंचा मुलगा दुसऱ्याच जहाजावर होता. जानेवारीत त्याचं पत्र आलं. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. नगरहून नातेवाइकांची पत्रं यायची, माणसं खडी फोडायला जातायत, रेशनला अमेरिकेची लाल मिलो मिळतेय. तेव्हा मात्र वडिलांनी ते जुनं पुस्तक पुन्हा काढलं आणि पावसाची प्रार्थना वाचली. युद्ध मनातलं आणि पाऊस छापील, असं त्यांचं का ठरलं होतं ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तर परत त्या बुधवारी. माणसं डोळे मिटून वाट बघतायत. पहलगामला २२ एप्रिलला मारल्या गेलेल्या २६ जणांत आपल्या डोंबिवलीचे तिघे होते. मुलुंडहून डोंबिवली म्हणजे किती लांब? मी त्यांच्या घरच्यांपासून सुरुवात केली. मग सीमेवरच्या जवानांसाठी, निर्णय घेणाऱ्यांसाठी. विजय शब्द आला नाही, आणला नाही म्हणा. आणि पलीकडच्या गावांतल्या आयाबायांसाठी म्हणायचं होतं, तिथे माझी जीभ अडली. खरं सांगते, धीर झाला नाही. कोण काय म्हणेल, कोण मोबाईलवर काय टाकेल. आमेन म्हणून मोकळी झाले.

दोनच दिवसांनी बातमी आली. घाटकोपरच्या कामराजनगरात वाढलेला एक कोवळा जवान सीमेवर गेला. १० तारखेला शस्त्रसंधी झाली. पुढच्या बुधवारी सभा दुसऱ्यांकडे होती, प्रार्थना मात्र मी मागून घेतली. घाटकोपरच्या त्या आईसाठी केली, आणि तिला जोडूनच पलीकडच्यांसाठीही केली.

पंधरा-सोळा आवाज आमेन म्हणाले. एक कमी होता. माझी नात शेजारी बसली होती, आता बावीस वर्षांची आहे. मला ऐकू आलं. चहाचे कप भरायला मी तिलाच हाक मारली.